चिठ्ठी हरवलेला रुमाल

२ जून २०२०, मंगळवार. निसर्ग वादळ दुसऱ्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर येणार, हे टीव्ही सकाळपासून सांगत होता. मी गुरुजींना फोन करून विचारलं, "आजचा वर्ग ठेवायचा का?" ते म्हणाले, "अरे, वादळ उद्या आहे. तू ये वेळेवर."

लॉकडाऊनमुळे त्यांचा मोडीचा वर्ग ऑनलाइन चालू होता. गुरुजी आपल्या घरी, पाटावर कागद ठेवून बोरूने लिहीत. वर स्टुलाच्या फळीला मोबाइल उलटा बांधलेला असे. बेळगाव, सोलापूर, ठाणे, बडोदा इथून एकोणीस जण तो कागद आपापल्या पडद्यावर पाहत, आणि माणगावजवळच्या आमच्या गावात माझ्या डीटीपीच्या दुकानातल्या डेस्कटॉपवर मी तो पडदा रेकॉर्ड करत असे.

त्या दिवशी सुहूर सनाचा पाठ होता. जुन्या कागदांत वर्ष आकड्यांत नसतं, अरबी शब्दांत असतं: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार. त्या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. एवढं तर पुस्तकात मिळतं. पण लिहिणारा घाईत असला की 'सलास' आणि 'सित' यांची वळणं एकमेकांत कशी मिसळतात आणि ती ओळखायची कशी, हे गुरुजींनी चाळीस वर्षं कागद वाचून कमावलेलं होतं, आणि त्या संध्याकाळी त्यांनी ते सगळं लिहून दाखवलं. ५ वाजून २ मिनिटांनी रेकॉर्डिंग सुरू झालं. ६ वाजून ४२ मिनिटांनी वीज गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती आणि ती बदलायचं मी दोन महिने लांबवलं होतं.

ती फाइल परत मिळवताना जे शिकलो आणि नंतर पाच वर्षांत लोकांनी दुकानात आणलेल्या फाइलींनी जे शिकवलं, ते इथे लिहितो आहे.

१. उघडत नाही म्हणजे गेली, असं धरून चालू नका.

पेशवे दफ्तरातले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमालात काय आहे ते सांगणारी चिठ्ठी हरवली, तर कागद जागेवरच असतात, पण कोणता कागद कशाचा ते कळेनासं होतं. बिघडलेल्या एमपी४ फाइलीचं नेमकं हेच होतं, आणि मला ते गुरुजींमुळेच चटकन समजलं.

एमपी४ फाइलीत मुख्य तीन कप्पे असतात. पहिला 'एफटीवायपी', तो फाइलीची ओळख सांगतो. दुसरा 'एमडॅट', त्यात चित्र आणि आवाज यांचा सगळा माल भरलेला असतो. तिसरा 'मूव्ह', ही चिठ्ठी. पण ही चिठ्ठी फार तपशिलाची असते. प्रत्येक चित्र फाइलीत कुठे सुरू होतं, किती लांबीचं आहे, कितव्या क्षणी दाखवायचं आणि ते उलगडायचं कसं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. माझ्या शंभर मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ३० प्रमाणे १ लाख ८० हजार चित्रं होती. इतक्या नोंदींचा हिशेब रेकॉर्डिंग संपल्याशिवाय पुरा होत नाही, म्हणून साध्या एमपी४ मध्ये ही चिठ्ठी सर्वांत शेवटी, आपण 'स्टॉप' दाबल्यावर लिहिली जाते. ही रचना १९९१ सालच्या क्विकटाइमपासून चालत आली आहे.

वीज गेली तेव्हा माल आत पोहोचलेला होता. चिठ्ठी लिहायची राहिली. 'मूव्ह ॲटम सापडला नाही' असा संदेश एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने दिला, तर घाबरण्याऐवजी हायसं वाटायला हवं. रोग कोणता ते कळलं आणि तो बरा होणाऱ्यांपैकी आहे.

२. पहिल्या दिवशी हात आवरा.

वादळाने आमच्या गावातले विजेचे खांब आडवे केले. वीज यायला २२ दिवस लागले. त्या २२ दिवसांत मी रोज त्या बंद मशीनकडे पाहत होतो आणि मनातून कासावीस होत होतो. आज मला खात्री आहे की फाइल वाचली ती त्या अंधारामुळे. वीज लगेच आली असती तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. रेकॉर्डर पुन्हा उघडला असता, 'चालतंय का बघू' म्हणून त्याच ड्राइव्हवर दोन-चार रेकॉर्डिंग केली असती, नेटवरून सापडतील ती पाच दुरुस्तीची सॉफ्टवेअरं तिथेच उतरवली असती आणि मूळ फाइलवरच प्रयोग केले असते.

लोक दुकानात येतात तेव्हा बहुतेकांचं हे सगळं करून झालेलं असतं. विंडोजने 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं म्हणून 'हो' म्हणालेलेही येतात. माझा क्रम आता ठरलेला आहे. फाइल दिसत असेल तर तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर करायची. मग प्रतीची प्रत करायची आणि प्रयोग तिच्यावर. मूळ फाइल ज्या डिस्कवर आहे तिच्यावर काहीही नवं लिहायचं नाही. डिस्क कटकट आवाज करत असेल किंवा प्रत करताना मध्येच अडकत असेल, तर फाइल ओढत बसू नये. तिथे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू चांगलं. ते आधी डिस्कचा धडका भाग उचलून घेतं, खराब जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. त्यातून मिळालेल्या पुऱ्या डिस्कच्या प्रतीवर पुढचं काम करावं.

३. आधी आकार पाहा, मग पोट पाहा.

माझं रेकॉर्डिंग सेकंदाला २,५०० किलोबिट इतक्या दराने होत होतं. आवाज धरून मिनिटाला साधारण २० एमबी. शंभर मिनिटांचे झाले २ जीबी. वीज आल्यावर मशीन चालू केलं, फोल्डर उघडलं आणि फाइलीपुढे १.९ जीबी हा आकडा दिसला तेव्हा मला रडू आलं. माल होता.

हा हिशेब प्रत्येकाने करावा. तासाभराच्या रेकॉर्डिंगची फाइल शून्य किंवा काही केबीची असेल, तर तिची दुरुस्ती करत बसू नका. माल दुसरीकडे, एखाद्या तात्पुरत्या फाइलीत असेल, तो शोधा. आकार बरोबर ४ जीबीला अडकलेला असेल, तर पेन ड्राइव्ह किंवा कार्ड एफएटी३२ पद्धतीचं आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून रेकॉर्डिंग तिथेच तुटतं.

पण आकारावर भरवसा ठेवून थांबू नये. एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडा. धड एमपी४ फाइलीच्या पहिल्याच ओळीत, पहिली चार घरं सोडली की ६६ ७४ ७९ ७० हे आकडे दिसतात. हेच ते 'एफटीवायपी'. त्यानंतर अर्थ न लागणाऱ्या आकड्यांची दाट गर्दी दिसली पाहिजे. मधून, शेवटून, पन्नास ठिकाणी खाली-वर करून पाहा. सगळीकडे ०० ०० ०० असेल, तर डिस्कवर फाइलीसाठी जागा राखली गेली, पण मजकूर तिथे पोहोचलाच नाही. वीज अचानक गेली की असं होतं. माझ्या फाइलीत शेवटचा थोडा भाग असा शून्यांचा होता. बाकी सगळं भरलेलं.

४. नाव बदलून जात बदलत नाही.

'डॉट एमपी४'चं 'डॉट एमकेव्ही' केलं की चालतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चालत नाही. फाइलीच्या आत काय आहे ते मीडियाइन्फोमध्ये उघडून पाहावं. अर्धवट तुटलेल्या फाइलीपुढे ते तसं स्पष्ट लिहून देतं.

५. त्याच सेटिंगची एक धड फाइल हवीच.

हरवलेली चिठ्ठी पुन्हा लिहायची तर तशाच दुसऱ्या रुमालाची चिठ्ठी समोर लागते. फेडेरिको पोंचिओ यांनी लिहिलेलं अनट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं हे करतं. त्याला दोन फाइली द्यायच्या, एक धड आणि एक तुटकी. धड फाइलीच्या 'मूव्ह'मधून ते चित्र उलगडायची रीत शिकतं. मग तुटक्या फाइलीचा 'एमडॅट' पहिल्यापासून वाचत जातं. हा तुकडा चित्राचा की आवाजाचा, तो किती लांबीचा, पुढचा कुठे सुरू होतो, असं एकेक जोखत नवी चिठ्ठी तयार करतं. एच.२६४ पद्धतीच्या चित्रांत प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, म्हणून हे शक्य होतं.

मोडी वाचणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत हात न उचलता लिहीत जातात. शब्द कुठे संपला ते मोकळ्या जागेवरून कळत नाही, वळणावरून कळतं. त्याच माणसाच्या हातचा दुसरा कागद शेजारी असला की अडलेलं वळण सुटतं. गुरुजी नेहमी म्हणत, "दुसऱ्याच्या हातचा कागद शेजारी घेऊन वाचशील तर भलतंच वाचशील."

मी तेच केलं. हाताशी होती म्हणून दुकानातल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेली एक फाइल नमुना म्हणून दिली. लॅपटॉपचा पडदा लहान, सेटिंग वेगळं. अनट्रंकने फाइल बनवली, ती उघडली, आणि पडद्यावर हिरवा चिखल आला. सगळीकडे हिरवे पट्टे आणि त्यातून मध्येच गुरुजींच्या बोटांची कड. हा हिरवा रंग का येतो ते नंतर समजलं. व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग यांचे आकडे वेगवेगळे साठवतात. ते सगळे शून्य झाले की पडद्यावर हिरवं दिसतं. उलगडणाऱ्याला काही कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग २६ मेच्या वर्गाची फाइल घेतली. तेच मशीन, तेच सॉफ्टवेअर, तेच सेटिंग. काही मिनिटांत नवी फाइल तयार झाली. मी ती उघडली आणि मधोमध क्लिक केलं. पाट, कागद, शाईची दौत, आणि त्या कागदावर डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढणारा गुरुजींचा हात. अंगठ्याजवळ शाईचा तोच डाग.

तेव्हापासून मी प्रत्येक मशीनवर, प्रत्येक सेटिंगमध्ये एकेक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून 'नमुने' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. गिऱ्हाइकांनाही तेच सांगतो. फोन बदलायच्या आधी, सॉफ्टवेअर अपडेट व्हायच्या आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. तुटकी फाइल घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "याच फोनवरची, याच्या आधीची चाललेली फाइल आहे का?"

६. आवाज चित्रापेक्षा नाजूक असतो.

चित्र आलं, आवाज मात्र जागोजागी गायब होता. एमपी४ मध्ये एएसी पद्धतीचा आवाज साठवताना त्याच्या तुकड्यांच्या तोंडाशी लांबी किंवा खूण नसते. ते काम चिठ्ठीवर सोपवलेलं असतं. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरला आवाजाच्या तुकड्यांची लांबी अंदाजाने काढावी लागते आणि अंदाज चुकला की पुढचं सगळं घसरतं. आवाज खरखरतो किंवा ओठांच्या मागे-पुढे पळतो.

मी आठ दिवस सेटिंग बदलत बसलो होतो. मग पत्नीने विचारलं, "वर्गात एकोणीस जण होते ना? त्यांच्यातल्या कुणाकडे काही नाही का?" हे मला आठ दिवसांत सुचलं नव्हतं. मी ग्रुपवर संदेश टाकला. बेळगावच्या एका ताईंनी स्वतःला पुन्हा ऐकण्यासाठी दुसऱ्या फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड केला होता. त्या उशिरा आल्या होत्या, म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग ५ वाजून ३१ मिनिटांनी सुरू होत होतं. पण तिथून शेवटपर्यंत सलग होतं.

दोन्ही जुळवायचं कसं? गुरुजींच्या घरी टोल्यांचं जुनं घड्याळ आहे. सहाचे टोले पडताना गुरुजी बोलायचे थांबले होते. माझ्या दुरुस्त फाइलीत आवाजाचा तेवढा भाग शाबूत होता. एडिटरमध्ये दोन्ही आवाजांच्या लाटा वर-खाली ठेवल्या. सहा उंच टोकं इकडे, सहा तिकडे. पहिल्यावर पहिलं ठेवलं आणि बाकीची पाच आपोआप बसली. ५ वाजून ३१ मिनिटांपासून पुढे गुरुजींचा हात आणि त्यांचा आवाज पुन्हा बरोबर चालू लागले.

म्हणून सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी माणसांना विचारा. मीटिंगला हजर असलेले सगळे तुमच्या प्रतीचे संभाव्य धनी असतात.

७. फोनचं दुखणं वेगळं.

अँड्रॉइडमध्ये पडदा रेकॉर्ड करायची सोय २०२० मध्ये, अकराव्या आवृत्तीपासून घरचीच झाली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत फोनच्या फार. कारण बहुतेक वेळा एकच, जागा संपली. फोन रेकॉर्ड करत राहतो आणि शेवटच्या चिठ्ठीला जागा उरत नाही.

गॅलरीत फाइल दिसत नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. अर्धवट राहिलेल्या फाइलीचं नाव टिंब आणि 'पेंडिंग' या शब्दाने सुरू होतं. तिच्यात माल असू शकतो. पण उशीर करू नये, कारण अशा फाइली फोन काही दिवसांनी स्वतःच साफ करतो. सापडली की लगेच केबलने संगणकावर प्रत घ्या.

काही मीटिंग ॲप तर मीटिंग संपल्यावर कच्च्या फाइलीचं रूपांतर करतात. तेवढ्यात कुणी लॅपटॉप मिटला तर काम अर्धवट राहतं आणि लोक समजतात रेकॉर्डिंग गेलं. कच्ची फाइल फोल्डरमध्ये पडलेली असते. तिच्यावर दोनदा क्लिक करून रूपांतर पुन्हा सुरू होतं का, ते आधी पाहा.

८. पुसलेली फाइल परत येईल का, हे डिस्कवर अवलंबून.

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल खरं तर तशीच पडून असते, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्यांना बाहेर काढतं. रेकॉर्डिंगच्या मोठ्या फाइली मात्र डिस्कवर तुकड्यांत पसरलेल्या असतात आणि ते तुकडे जोडताना फोटोरेक बरेचदा चुकतं. एसएसडीवर गोष्ट आणखी वेगळी. तिथे 'ट्रिम' नावाची व्यवस्था पुसलेल्या जागा मागच्या मागे रिकाम्या करून टाकते. एसएसडीवरून पुसलेलं परत मिळवून देतो असं कुणी ठासून सांगत असेल, तर पैसे देण्याआधी थांबा.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा चिखलाने भरलेली दोन सीपीयू माझ्याकडे आली. एका शिक्षकांनी आपलं सीपीयू उन्हात वाळवून, घरी चालू करून पाहिलं होतं. आतल्या तबकड्यांवर गाळ होता, त्यावरून हेड फिरलं आणि तबकड्या ओरखडल्या. काही हाती लागलं नाही. दुसरं एका क्लास चालवणाऱ्या ताईंचं. त्यांनी मला आधी फोन केला. मी म्हटलं, "ताई, वाळवू नका, वायर लावू नका, आहे तसं प्लास्टिकमध्ये बांधून आणा." ती डिस्क मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली आणि त्यांच्या वर्षभराच्या तासांची रेकॉर्डिंग परत आली. भिजलेल्या डिस्कला हात लावायची माझी लायकी नाही, हे मला ठाऊक आहे. ते काम धूळमुक्त खोलीत, त्यातल्या माणसांनीच करायचं असतं.

९. पडद्यावर काय काय होतं, ते आठवा.

'फाइल अपलोड करा, दुरुस्त करून देतो' असं म्हणणाऱ्या जागा इंटरनेटवर पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याने काढलेल्या बारशाच्या व्हिडिओत जे नसतं ते पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये असतं. वर उतरणारे ओटीपीचे संदेश, बँकेतली शिल्लक, वर्गातल्या मुलांचे चेहरे आणि नावं, कुणाचा तरी खासगी संदेश. मी माझ्या गिऱ्हाइकांची एकही फाइल अशा ठिकाणी चढवलेली नाही. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे की दुरुस्त झालेलं चित्र आधी दाखवेल तेच घ्यावं. दाखवत नसेल तर पैसे भरू नयेत.

१०. नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी म्हणा.

एप्रिल २०२१. एक काकू आल्या. त्यांचे यजमान कोविडच्या वॉर्डात असताना केलेला शेवटचा व्हिडिओ कॉल मुलीने फोनवर रेकॉर्ड केला होता आणि त्यातच फोन बंद पडला होता. फाइल ३१२ एमबीची होती. मी त्याच संध्याकाळी हेक्स एडिटरमध्ये ती उघडली. पहिल्या काही ओळींनंतर शून्यं. शेवटपर्यंत शून्यं. मला पहिल्या तासातच कळलं होतं की यात काही नाही. पण माझ्या तोंडून ते निघेना. "बघतो आहे," म्हणत राहिलो. त्या रोज दुपारी फोन करत. अकराव्या दिवशी सांगितलं, "काकू, यात काही उरलेलं नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "पहिल्या दिवशी कळलं होतं का हो तुम्हाला?"

मी 'हो' म्हटलं. ते अकरा दिवस मी त्यांना द्यायला नको होते.

११. सेटिंग आजच बदला.

रेकॉर्डिंगसाठी मी ओबीएस वापरतो. त्यात एमपी४ निवडलं की खालीच सूचना येते, रेकॉर्डिंग मध्येच तुटलं तर फाइल परत मिळणार नाही. ती सूचना मी वाचली होती. विद्यार्थ्यांना फोनवर लगेच पाहता यावं म्हणून तरीही एमपी४ निवडलं. चूक माझी होती.

त्याऐवजी एमकेव्ही ठेवा. त्याचं पूर्ण नाव मॅट्रोस्का, एकीच्या पोटात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून घेतलेलं. यात माल छोट्या छोट्या गठ्ठ्यांत जातो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्याची वेळ लिहिलेली असते. उलगडायची रीत फाइलीच्या सुरुवातीलाच असते. वीज गेली तर शेवटचे काही क्षण जातात, बाकी फाइल उघडते. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतल्या 'रीमक्स'ने तिची एमपी४ करून घ्या. त्यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, नुसता डबा बदलतो, म्हणून दर्जा तसाच राहतो. २०२४ मध्ये आलेल्या ओबीएस ३०.२ मध्ये 'हायब्रिड एमपी४' हाही पर्याय आहे. तो चालता चालता तुकड्यातुकड्याने चिठ्ठ्या लिहितो आणि शेवटी पूर्ण चिठ्ठी जोडतो. माझ्या नव्या मशीनवर मी तोच ठेवला आहे. लांब वर्ग असेल तर दर अर्ध्या तासाला नवी फाइल सुरू होईल असंही सेटिंग करता येतं.

आणि यूपीएसची बॅटरी. दर तीन महिन्यांनी मी प्लग काढून घड्याळ लावतो आणि ती किती मिनिटं टिकते ते वहीत लिहितो.

१२. तुटकी मूळ फाइल पुसू नका.

दुरुस्त फाइल हाती आली की लोक तुटकी पुसून टाकतात. मी ती ठेवली. बेळगावच्या ताईंचा आवाज जिथून सुरू होतो त्याच्या आधीच्या २९ मिनिटांत आवाज मला दुरुस्त फाइलीतूनच घ्यावा लागला होता, आणि त्यातली ११ मिनिटं निव्वळ खरखर होती. २०२३ च्या दिवाळीत अनट्रंकची नवी, इतरांनी सुधारलेली आवृत्ती उतरवून घेतली आणि तीच जुनी १.९ जीबीची फाइल, तोच २६ मेचा नमुना घेऊन पुन्हा बसलो. ७ मिनिटं आणखी आली. स्वच्छ.

गुरुजींची नजर आता फार कमी झाली आहे. कागद डोळ्यांजवळ धरला तरी अक्षरं लागत नाहीत, म्हणून हा पाठ पुन्हा घ्या असं त्यांना म्हणता येत नाही. ती ७ मिनिटं मी त्यांच्या घरी नेऊन ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "याच्या पुढे मी मायना वाचला होता. तो कुठे आहे?"

तो राहिलेल्या ४ मिनिटांत आहे. चित्र पूर्ण आलं आहे. गुरुजी पत्राचा मायना बोटाने दाखवत वाचतात, सनाच्या शब्दापाशी बोट थांबतं, मग बोरू उचलून ते कागदाच्या कडेला तोच शब्द तीन वेगवेगळ्या वळणांनी लिहितात आणि तिसऱ्याखाली दोन रेघा मारतात. ते काय म्हणाले ते ऐकू येत नाही. फाइल तीन डिस्कवर ठेवली आहे आणि शेजारी २६ मेचा नमुना आहे.